नव्या क्लबच्या दारात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

मी दोन हिवाळे एका नाइटक्लबच्या दारात गेस्टलिस्ट घेऊन उभी होते. हातात क्लिपबोर्ड, गळ्यात दोरीला बांधलेलं पेन, शेजारी खांद्यांनी अर्धं दार झाकणारा बाउन्सर आणि समोर रांग. क्लब तेव्हा नुकताच उघडला होता, आत रंगाचा आणि प्लायवूडचा वास अजून गेला नव्हता. त्या दोन हिवाळ्यांत एक गोष्ट मला पक्की कळली, ती आधीच सांगून टाकते. दारावरचा माणूस तुमची लायकी ठरवत नसतो, तो आतली खोली जमवत असतो. किती माणसं झाली, कुठल्या मूडमध्ये आली आहेत, कुणाशेजारी कोण उभं राहिलं तर जमेल आणि कोण राहिलं तर हाणामारी होईल, हा हिशेब त्याच्या डोक्यात सतत चालू असतो. हे ध्यानात आलं की रांगेतली निम्मी धडधड जाते. शिवाय दाराकडे नीट बघितलं तर आत काय वाढून ठेवलंय तेही बाहेरूनच कळतं.

आता क्रमाने.

आधी रात्र निवडा

नवा क्लब उघडला की सगळ्यांना पहिल्याच रात्री जायचं असतं. नका जाऊ. उद्घाटनाच्या रात्री बरीचशी जागा मालकांचे मित्र, पैसा घातलेली मंडळी आणि फोटोत यावेत असे चेहरे यांच्यासाठी राखलेली असते. उरलेल्या थोड्या जागेसाठी बाहेर तोबा गर्दी. आत पोचलात तरी बारवरच्या मुलाला बाटल्या सापडत नसतात, टॉयलेटच्या दाराला कडी लागत नसते आणि साउंडवाला हातात टॅबलेट घेऊन आवाज जुळवत रात्रभर हॉलच्या कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरत असतो.

दुसरा-तिसरा आठवडाही कच्चाच. या काळात दाराचे नियम दर आठवड्याला बदलतात, कारण आपल्याकडे कोण येणार आहे हे मालकांनाच अजून कळलेलं नसतं. आमच्याकडे पहिल्या शनिवारी स्नीकर्स चालत नव्हते. तिसऱ्या शनिवारी खुद्द डीजेच स्नीकर्स घालून आला आणि नियम गेला. म्हणून माझा सल्ला चौथ्या-पाचव्या आठवड्याचा, आणि त्यातही शनिवार सोडून. शनिवारच गाठायचा असेल तर दार उघडल्यापासून पहिल्या तासाभरात पोचा.

निघण्याआधी क्लबने स्वतः टाकलेली माहिती वाचा. दुसऱ्या कुणीतरी सांगितलेली नव्हे. कोण वाजवतंय, कुठलं संगीत आहे, वयाची अट काय, कुठलं ओळखपत्र चालतं, एकदा बाहेर पडल्यावर परत आत घेतात का, आणि शेवटचा प्रवेश किती वाजता. हे शेवटचं फार जण विसरतात. क्लब पहाटेपर्यंत चालू असतो म्हणून लोक निवांत येतात, आणि दार मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात बंद झालेलं असतं.

एकाच जागेत दोन वेगवेगळ्या रात्री म्हणजे जवळजवळ दोन वेगळे क्लब असतात. सगळ्यांना पाठ असलेली गाणी वाजणार असतील तर लोक घोळक्याने येतात, गातात, फोटो काढतात, टेबलं बुक करतात. हाउस किंवा टेक्नोची, म्हणजे सलग ठेक्यावर चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संगीताची, रात्र असेल तर एकेकटे, दोघं-दोघं येतात, कमी बोलतात आणि तासनतास नाचतात. आपल्याला यातलं काय हवंय ते ठरवा. आवडत नसलेल्या संगीताच्या रात्री केवळ क्लब नवा आहे म्हणून गेलेला माणूस दारातच ओळखू येतो. कोण वाजवतंय हे त्याला माहीत नसतं, आणि काही दारांवर नेमकं तेवढंच विचारतात.

बरोबर कोण

दोघं किंवा तिघं. चौघं म्हणजे डोक्यावरून पाणी.

दार सांभाळणाऱ्याला मोठा घोळका नको असतो, कारण घोळका आत जाऊनही घोळकाच राहतो. तो नाचायच्या फ्लोअरच्या मधोमध रिंगण करतो, आपसातच ओरडतो आणि त्यातल्या एकाचं बिनसलं की सगळे मिळून भांडतात. सात-आठ पुरुषांचा गट असेल तर दारावरचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं. अन्याय आहे का? असेल. पण रात्री दोन वाजता आतून निरोप येतो तेव्हा तो बहुतेक अशाच गटाबद्दल असतो, हे मीही पाहिलंय.

मोठा गट असेलच तर आधी कळवा, टेबल बुक करता येतं का विचारा, किंवा दोघं-तिघं करून थोड्या थोड्या वेळाने जा. मात्र वेगळे आलोय असं नाटक करू नका. एकदा सहा जण तीन जोड्या करून आले. पहिली जोडी दारात, दुसरी चार माणसं मागे, तिसरी आणखी मागे. पहिल्या जोडीला आत सोडल्याबरोबर मागच्या दोन्ही जोड्यांनी टाळ्या वाजवल्या.

काही क्लबमध्ये जोडीने येणाऱ्याला सोपं, एकट्या पुरुषाला अवघड आणि बायकांना फुकट असा प्रकार असतो. मला तो मनापासून आवडत नाही. फुकट प्रवेश दिसला की आपण पाहुण्या आहोत की सजावट, हा प्रश्न बायकांनी स्वतःला जरूर विचारावा. ज्या क्लबचं दार सगळ्यांकडून सारखे पैसे घेतं तिथे आतही बाईला जास्त मोकळं वाटतं, असा माझा अनुभव आहे.

कपडे आणि खिसे

ड्रेस कोडवर लोक नको तितका विचार करतात. दोनच गोष्टी बघा. त्या रात्रीचे फोटो आधी कुणी टाकले असतील तर लोक काय घालून आलेत, आणि त्या कपड्यांत तुम्हाला तीन तास नाचता येईल का. नवेकोरे, चावणारे बूट घालून आलेला माणूस दारातच अवघडलेला दिसतो. घाम येणार आहे, पेय सांडणार आहे, पायावर कुणीतरी पाय देणार आहे. पुढून बंद, सवयीचे बूट. आत दुसरा कपडा असेल तर वरचं जाकीट क्लोकरूममध्ये देता येतं.

खिशात मूळ ओळखपत्र ठेवा. फोनमधला फोटो बहुतेक ठिकाणी चालत नाही. कार्ड आणि थोडी रोख, चार्ज केलेला फोन, इअरप्लग. बॅग शक्यतो नकोच, तिच्या झडतीपायी मागची अख्खी रांग खोळंबते.

घरून जेवून निघा. आणि पिऊन येऊ नका, निदान दिसेल इतकं तरी. पैसे वाचवायला घरी भरपूर पिऊन यायची अनेकांना सवय असते. दारातून परत पाठवलेल्यांपैकी निम्मे तरी मी त्याच कारणाने गेलेले पाहिले.

रांग

लोकांना वाटतं परीक्षा दारात सुरू होते. ती रांगेच्या शेपटीपासूनच सुरू झालेली असते. आमच्याकडचा बाउन्सर दर दहा मिनिटांनी रांगेच्या टोकापर्यंत चक्कर मारून यायचा. कुणाशी बोलायचा नाही, नुसता चालायचा. परत आला की मला हळूच सांगायचा, “हिरवं जाकीट नाही. त्याच्या मागचे तिघं चालतील.” हिरव्या जाकीटवाल्याने पुढच्या मुलीला दोनदा धक्का दिला होता, इतकंच.

रांगेत बाटली फोडू नका, आरडाओरडा करू नका, आसपासच्या घरांत लोक झोपलेले असतात. नव्या क्लबला शेजाऱ्यांच्या तक्रारीची भीती सगळ्यांत जास्त असते, कारण परवाना त्यावर अडू शकतो. म्हणून रांगेतला आवाज नव्या क्लबच्या दारावर जास्तच खुपतो.

रांग का हलत नाही? कधी खरंच आत जागा नसते. कधी क्लब मुद्दाम रांग थांबवतो, कारण भरलेली रांग ही फुकटची जाहिरात आहे. ओळखायचं कसं? बाहेर पडणारी माणसं मोजा. दोघं बाहेर आले की दोघं आत जात असतील तर क्लब खरोखरच भरलाय. कुणी बाहेर येत नाही, कुणी आत जात नाही आणि आतून संगीत पोकळ, घुमल्यासारखं ऐकू येतंय, तर हॉल रिकामा आहे. माणसांची अंगं आवाज शोषतात. रिकाम्या हॉलचा आवाज कडक आणि टणत्कारी असतो, भरलेल्या हॉलचा मऊ.

दारातला एक मिनिट

दारावर साधारण तीन माणसं असतात. एक बाउन्सर, एक यादी किंवा तिकिटं बघणारी व्यक्ती आणि एक जी काहीच करत नाही, नुसती उभी असते. निर्णय बहुधा त्या तिसऱ्या व्यक्तीचा असतो.

बाउन्सर हा शब्द आपल्याला क्रिकेटमुळे आधी ठाऊक. तो चेंडू डोक्यावरून जातो, हा माणूस दारावरून परत पाठवतो. पण चांगला बाउन्सर मारामारीसाठी नसतोच. अनेक देशांत या कामाला प्रशिक्षण आणि परवाना लागतो. ब्रिटनमध्ये २००१ च्या खासगी सुरक्षा उद्योग कायद्यानुसार दारावरच्या माणसाला परवाना घ्यावा लागतो आणि कामावर असताना तो दिसेल असा लावावा लागतो. त्याच्या हाताकडे बघा, मुठीत एक छोटं यंत्र असतं. एक माणूस आत, टक. एक बाहेर, दुसऱ्या बटणावर टक. आतल्या माणसांचा आकडा हॉलचं क्षेत्रफळ, बाहेर पडायच्या दारांची संख्या आणि त्यांची रुंदी यांवरून ठरवून दिलेला असतो. तो गाठला की तुम्ही कुणीही असा, थांबायचं. त्या टक टक कडे लक्ष ठेवणारा क्लब मला भरवशाचा वाटतो.

आता तुम्ही समोर आलात. फोन खिशात, टोपी आणि गॉगल काढलेले, ओळखपत्र हातात. “नमस्कार” किंवा “हाय” म्हणा, नजरेला नजर द्या आणि गप्प राहा. विचारलं तेवढंच उत्तर. किती जण? दोघं. आधी आला होतात? नाही, पहिल्यांदाच. पहिल्यांदाच आलोय हे सांगायला लाजू नका, खोटं सांगितलेलं लगेच कळतं. गेस्टलिस्टवर नाव असेल तर ज्या नावाने दिलं त्याच नावाने सांगा, टोपणनावाने नको. माझ्या क्लिपबोर्डवर एका रात्री “सोन्या” नावाचे तीन जण होते. दारात आले सात.

काय बोलू नये, तेही सांगते. “मी मालकाला ओळखतो.” मालकाला ओळखणारे हे वाक्य बोलत नाहीत, ते मालकाला फोन करतात. “तुला माहीत नाही मी कोण आहे.” याला उत्तर नसतं, फक्त पुढचा माणूस बोलावला जातो. नोट दाखवणंही नको. सगळ्यांसमोर नोट पुढे केली की दारावरच्या माणसाला ती घेणं अशक्य होतं आणि तुम्हाला आत सोडणंही.

अंगझडतीला हात थोडे बाजूला घ्या. बाईची झडती बाईनेच घ्यायला हवी, तशी व्यवस्था नसेल तर मागा. मागितल्यावर दारावरचे कपाळाला आठ्या घालणार असतील तर त्या क्लबबद्दल तुम्हाला बरंच काही कळलं.

या सगळ्याला इतिहास आहे. १९७० साली न्यूयॉर्कमध्ये डेव्हिड मॅन्क्युसो आपल्या राहत्या जागेत, ‘द लॉफ्ट’मध्ये, पार्ट्या करू लागला. तिथे फक्त आमंत्रितांना प्रवेश, दारूची विक्री नाही. त्याचं दार माणसं टाळण्यासाठी नव्हतं, एरवी कुठे मोकळेपणाने नाचता न येणाऱ्यांना निर्धास्त जागा मिळावी म्हणून होतं. त्याच शहरात २६ एप्रिल १९७७ ला ‘स्टुडिओ ५४’ उघडला आणि दार हाच तमाशा झाला. सहमालक स्टीव्ह रूबेल स्वतः बाहेर येऊन बोटाने माणसं निवडायचा. त्याचं म्हणणं, गर्दी सॅलडसारखी कालवायची, नुसते श्रीमंत नकोत, नुसते सुंदर नकोत, सगळे मिसळलेले हवेत. त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स या दोन संगीतकारांना गायिका ग्रेस जोन्सने बोलावलं होतं, पण यादीत नाव नाही म्हणून दारावरून परत पाठवलं. दोघांनी घरी जाऊन चिडून एक गाणं रचलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. यादी सांभाळणारी म्हणून मला हा किस्सा फार लागतो.

आजच्या दारांमध्ये सगळ्यांत जास्त चर्चा बर्लिनच्या ‘बर्गहाइन’ची. जुन्या वीजकेंद्राच्या इमारतीत २००४ पासून चालू असलेला टेक्नो क्लब. तिथला दाराचा प्रमुख म्हणून जगभर ओळखला जाणारा स्वेन मार्क्वार्ट हा मुळात छायाचित्रकार आहे, आणि मला यात काही योगायोग वाटत नाही. चौकटीत काय घ्यायचं हे ठरवणं हे दोन्हीकडचं काम. तिथे आत जाताना फोनच्या कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात. ही पद्धत आता बऱ्याच नव्या क्लबांनी उचललीय आणि माझ्या मते दाराच्या सगळ्या नियमांत हाच सर्वांत उपकारक. आपलं नाचणं उद्या कुणाच्या फोनमध्ये दिसणार नाही हे कळलं की माणसं वेगळीच नाचतात. स्टिकर लावला तर तो काढून “एकच फोटो” घेऊ नका. त्यासाठी बाहेर काढतात, आणि बरोबर करतात.

“आज नाही”

हे शब्द आले तर कारण विचारत बसू नका. “ठीक आहे” म्हणा आणि निघा. दारावर वाद घालून आत गेलेला माणूस मी दोन हिवाळ्यांत एकही पाहिला नाही. शांतपणे परत गेलेले मात्र पुढच्या आठवड्यात आले आणि आत गेले, कारण बाउन्सरला चेहरे लक्षात राहतात. “आज नाही” मधला “आज” बऱ्याचदा खरा असतो.

एक गोष्ट मात्र वेगळी. कपड्यांचं कारण सांगून कातडीचा रंग, वंश, अपंगत्व किंवा कुणावर प्रेम करता यावरून परत पाठवत असतील, तर ती निवड नव्हे, भेदभाव आहे, आणि बऱ्याच देशांत तो बेकायदा आहे. जर्मनीत २००६ चा समान वागणुकीचा कायदा क्लबच्या दारालाही लागू होतो, आणि २०११ मध्ये श्टुटगार्टच्या उच्च न्यायालयाने रंगामुळे डिस्कोत प्रवेश नाकारलेल्या तरुणाला भरपाई द्यायला लावली होती. अशा वेळी दारात भांडू नका, पण वेळ, दारावर कोण होतं आणि तुमच्या आगेमागे कुणाला सोडलं हे लगेच लिहून ठेवा. साक्षीदार असेल तर त्याचा नंबर घ्या. तक्रार दुसऱ्या दिवशी, शुद्धीत.

आत शिरल्यावर आधी दारं शोधा

बारकडे धावू नका. जाकीट क्लोकरूममध्ये द्या, टोकनचा फोटो काढून ठेवा (कॅमेऱ्यावर स्टिकर नसेल तर), आणि हॉलला एक फेरी मारा. टॉयलेट कुठे, पाणी कुठे आणि मुख्य म्हणजे बाहेर पडायची दुसरी दारं कुठे.

हे मी उगाच सांगत नाही. २००३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये ‘द स्टेशन’ या क्लबला आग लागली, रंगमंचावरच्या फटाक्यांनी भिंतीवरचा फोम पेटला. १०० माणसं गेली. इतर दारं असतानाही बहुतेक लोक ज्या दाराने आत आले त्याच दाराकडे पळाले आणि तिथे अडकले. २०१३ च्या जानेवारीत ब्राझीलमधल्या सांता मारिया शहरात ‘किस’ क्लबमध्ये २४२ जण गेले. तिथे सुरुवातीला दारावरच्यांना वाटलं की लोक बिल बुडवून पळतायत, म्हणून त्यांनी अडवलं. घाबरलेला माणूस ओळखीचं दार शोधतो, म्हणून दुसऱ्या दाराची ओळख आधीच करून घ्यायची. नव्या क्लबमध्ये तर ते दार उघडं आहे ना, त्याच्यासमोर खोक्यांची चळत नाही ना, हेही बघा. कुलूप दिसलं तर सांगा. ऐकलं नाही तर निघा, पैसे गेले तरी चालतील.

वातावरण वाचायचं कसं

लवकर आलात तर फ्लोअर रिकामं असेल. घाबरू नका, पहिला डीजे मुद्दाम हळू वाजवत असतो. त्याचं काम खोली तापवणं, पेटवणं नव्हे. हाउस संगीत साधारण मिनिटाला १२० ते १३० ठोक्यांचं. सुरुवातीला ठेका त्याहूनही सैल असतो आणि रात्र चढते तसा घट्ट होत जातो. रिकाम्या फ्लोअरवर पहिल्यांदा नाचायला जाणाऱ्या दोन-तीन जणांचे सगळ्या क्लबवर उपकार असतात. तेवढं धाडस नसेल तर कडेला, स्पीकर आणि भिंत यांच्यामध्ये न अडकता, नुसतं डोलत उभे राहा. ते चालतं. नाचता येत नाही असं म्हणणाऱ्यांना एकच सांगते, पाय ठेक्यावर सोडा आणि बाकीचं अंग काय करतंय याकडे दुर्लक्ष करा. कुणीही तुमच्याकडे बघत नसतं. बघत असेल तर तो नाचत नाहीये, म्हणजे चुकीच्या जागी तोच आहे.

उत्तम आवाज कुठे मिळतो? डाव्या-उजव्या स्पीकरांच्या बरोबर मध्ये, थोडं मागे. स्पीकरला चिकटून छातीत धडधड होते, पण संगीत ऐकू येत नाही आणि कानांची वाट लागते. कानांचा हिशेब सोपा आणि निष्ठुर आहे. ८५ डेसिबल आवाज आठ तास चालतो, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा जागांसाठी जी मानकं दिली त्यांत सरासरी १०० डेसिबलची मर्यादा आहे, इअरप्लगची सोय आणि शांत कोपरा हवा असंही आहे. संगीतासाठीचे इअरप्लग घ्या. फोमचे बोळे वरच्या पट्ट्यांचा आवाज गिळतात आणि सगळं चिखलासारखं ऐकू येतं. बाहेर पडल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर पुढच्या वेळी प्लग लावल्याशिवाय आत जाऊ नका.

फ्लोअरवरचे अलिखित नियम थोडे आहेत. कडेकडेने आत शिरा, खांद्याला हलकं टेकवून वाट मागा, कमरेला हात लावून नव्हे. पेयाचा ग्लास घेऊन मधोमध जाऊ नका. गप्पा मारायच्या असतील तर फ्लोअरबाहेर. डीजेकडे फर्माईश घेऊन जाऊ नका, विशेषतः फोनवर टाइप करून त्याच्या तोंडासमोर धरून. कुणाबरोबर नाचावंसं वाटलं तर समोरून, दिसेल असं, थोडं अंतर ठेवून. त्याने किंवा तिने पाठ फिरवली तर उत्तर मिळालं. मित्राला दुसऱ्यांदा पाठवून खात्री करायची गरज नाही.

चांगल्या क्लबची माझी खूण एकच: डीजेकडे तोंड करून सगळे उभे आहेत की एकमेकांकडे. एकमेकांकडे वळलेलं फ्लोअर दिसलं की मी जाकीट परत घ्यायची घाई करत नाही.

बार, आणि काही बिघडलं तर

बारवर नोट किंवा कार्ड हलवू नका, कोपर टेकवून नजर मिळेपर्यंत थांबा. काय हवं ते आधी ठरवा. शरीर साधारण तासाला एक छोटा पेग इतकीच दारू पचवतं आणि कॉफीने त्यात काडीचा फरक पडत नाही, म्हणून मध्ये मध्ये पाणी. ग्लास टेबलावर सोडून नाचायला गेलात तर परत येऊन तो पिऊ नका, दुसरा घ्या. न पिणाऱ्यांनी बर्फ टाकलेला सोडा हातात धरावा, कुणी विचारतही नाही.

कुणी त्रास देत असेल तर दारावरच्याच माणसाकडे जा. रांगेत ज्याची भीती वाटत होती तो आत तुमच्या बाजूचा असतो, त्याच्या पगारातलं हेही काम आहे. ब्रिटनमध्ये २०१६ साली लिंकनशायरमध्ये एक पद्धत सुरू झाली: बारवर जाऊन “अँजेला” आहे का विचारायचं, की कर्मचारी समजतात आणि तुम्हाला गाजावाजा न करता बाहेर, गाडीपर्यंत पोचवतात. तुमच्या क्लबमध्ये असा काही सांकेतिक शब्द असेल तर तो बहुधा बायकांच्या टॉयलेटमध्ये आतल्या दारावर लावलेला असतो. नसेल तर सरळ सांगा, “मला मदत हवीय.” कुणी जमिनीवर बसलंय, शुद्ध हरपतेय असं दिसलं तर त्याला झोपू द्या म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, कर्मचाऱ्यांना बोलवा. त्याने काही घेतलं असेल तर काय घेतलं ते खरं सांगा.

निघताना

शेवटच्या गाण्यापर्यंत थांबलात तर क्लोकरूमसमोर अर्धा तास उभं राहावं लागेल. दहा-पंधरा मिनिटं आधी जाकीट घ्या, मग हवं तर कडेला उभं राहून शेवट ऐका. मध्येच वाऱ्यासाठी बाहेर जायचं असेल तर आधी विचारा, परत घेतात का. हातावर शिक्का असेल तरच घेतात, आणि घामेजलेल्या हातावरचा शिक्का तासाभरात पुसट होतो, म्हणून तो मनगटाच्या आतल्या बाजूला मारून घ्या. घरी कसं जायचं ते येण्याआधीच ठरलेलं असू द्या. दारापासून थोडं पुढे जाऊन गाडी बोलवा, दारातच सगळे एकदम बोलावतात आणि कुणालाच मिळत नाही.

जाताना दारावरच्याला “येतो” म्हणा. पहाटे चारला त्याच्याशी माणसासारखं बोलणारं फारसं कुणी नसतं, आणि पुढच्या वेळी तो रांगेच्या शेपटीपर्यंत चक्कर मारायला येईल तेव्हा तुमच्यापाशी अर्धा क्षण जास्त थांबेल.

शिक्का पुसट झाला तरी त्याची शाई नुसत्या साबणाने पुरती जात नाही. कापसावर थोडं तेल घेऊन चोळा, मग धुवा. ऑफिसला जायच्या आधी.